बाबांचा आवाज दुसऱ्या लॅपटॉपवर नेताना

आमच्या घरी बाबांचा आवाज एका जुन्या लॅपटॉपमध्ये राहतो, आणि त्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली आहे. वायर काढली की लॅपटॉप बंद आणि बाबाही बंद. ऐकायला विचित्र वाटत असेल तर वाटू द्या, मलाही ते अजून नीट पचलेलं नाही.

बाबा एसटीत कंडक्टर होते. पवनी ते भंडारा, भंडारा ते पवनी, अख्खी जिंदगी ओरडण्यात गेली. अड्याळच्या स्टँडवर त्यांनी हाक मारली की बाजारात भाजी निवडणारा माणूस पिशवी सावरत पळत यायचा. त्यात बिडी. रिटायर झाल्यावर घसा बसला, तो उठेचना, आणि नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

मी घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी आकड्यांची साफसफाई करते. काम सगळं पायथनमध्ये. पायथन म्हणजे कंप्युटरला कामं सांगायची एक भाषा. ऑपरेशनच्या आधी हाताशी तीन आठवडे होते, तेवढ्यात मी एक प्रोग्राम लिहिला. बाबांनी एकेक शब्द बोलायचा, त्याला नंबर पडायचा. पुढे नंबर दाबला की तो शब्द त्यांच्याच आवाजात बाहेर. टायपिंग त्यांना जमणारं नव्हतं, पण आकडे? तिकिटं फाडलेला माणूस तो! आकड्यांचा छोटा कीबोर्ड आणून दिला आणि आठवड्यात सगळी यादी त्यांना पाठ. 'पानी' सतरा. 'दे' चाळीस. 'काहून वं', म्हणजे 'का गं', बत्तीस, आणि तो सगळ्यात जास्त वाजतो, कारण आईशी बोलायला दुसरं काही लागतच नाही.

यादी मी केली होती. त्यात 'दादा' आला तेव्हा बाबांनी हात आडवा केला.

"हे खोड."

"राहू द्या ना बाबा, एक शब्द तर आहे."

"खोड म्हटलं ना! मले नाही लागत."

मी खोडला. यादी तीनशे सेहेचाळीसवर संपली, तिची प्रिंट काढून प्लास्टिकमध्ये घातली. दवाखान्यात निघायच्या सकाळी आई आणि मी सामान भरत होतो तेव्हा बाबा पुढच्या खोलीत दार लोटून बसले होते. मला वाटलं रडत असतील. मी आत गेले नाही.

दादा म्हणजे बाबांचे सख्खे मोठे भाऊ, माझे मोठे बाबा. ते तिकडे तुमसरच्या पलीकडे बपेऱ्याला शेती करतात. आजी वारली तेव्हा बाबा ड्यूटीवर होते, निरोप उशिरा मिळाला, आणि ते पोहोचले तोवर सरण विझत आलं होतं. स्वतःच्या आईचं तोंडसुद्धा दिसलं नाही. भाऊ दोन घंटे थांबला नाही, हे त्यांच्या जे काळजाला लागलं ते लागलं. तेरवीच्या दिवशी भर पंगतीत उभं राहून ते म्हणाले, "आजपासून तुह्या घरचं पानी पिनार नाही. अन् तुले दादा बी म्हननार नाही." आणि बारा वर्षं खरंच पाळलं. आमच्या घरात राग काही मापात नसतो, माझ्यातही तो तिथूनच आला आहे.

यंदा धानाची रोवणी आटोपली आणि मोठ्या आईचा, म्हणजे मोठ्या बाबांच्या बायकोचा, फोन आला.

"तुह्या मोठ्या बाबाले आता धड दिसत नाही. रोज तुह्या बापाचं नाव काढते. पन अडून बसला हाय. म्हनते, भर पंगतीत तोंडानं बोलला होता, आता तोंडानंच दादा म्हन आन् पानी माग, मंग ये."

"मोठी आई, बाबांले बोलताच येत नाही आता."

"सांगतलं वं बाई. त्यायले वाटते घसा बसला हाय."

बाबा एरवी आमच्याशी पाटीवर लिहूनही बोलतात, पण मोठ्या बाबांना लिहिता-वाचता येत नाही, आणि आता तर दिसतही नव्हतं. म्हणजे आवाजच पाहिजे. मी बाबांना निरोप सांगितला. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊ.' मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले, आणि लगेच यादी आठवली.

"पण दादा कसं म्हणाल? शब्दच नाही आपल्याकडे."

'पाहू.'

"मग आहे त्यातून इथंच काहीतरी जुळवू आणि फोनवर घेऊन जाऊ. तिथं नुसतं वाजवायचं."

पाटी पुसून त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'तिथं मी दाबीन.' खाली दोन रेघा ओढल्या. विषय संपला.

बपेऱ्याला लाइटचा भरवसा नाही, आणि जुना लॅपटॉप वायरीशिवाय मान टाकतो. माझ्या कामाचा लॅपटॉप नवा, बॅटरी चांगली. म्हणजे बाबांना जुन्यातून काढून नव्यात न्यायचं. पोळ्याला सहा दिवस होते. मी आईला म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे. तोंडाला आग लागो माझ्या!

भानगड अशी. दोन्ही लॅपटॉपवर लिनक्सच आहे, पण जुन्यावरचं पायथन तीन पॉइंट आठ, आणि नव्यावरचं तीन पॉइंट बारा. आवाज वाजवणारा जो तयार भाग मी प्रोग्रामला जोडला होता, तो जुन्या पायथनवरच चालतो, बनवणाऱ्यानं पुढे त्याला हातच लावलेला नाही. असल्या घोळासाठी पायथनमध्ये सोय आहे. एका प्रोग्रामला एक वेगळं फोल्डर करून द्यायचं, त्याचं पायथन त्याला, त्याचे सुटे भाग त्याला, बाकीच्यांशी संबंध नाही. त्याला एन्व्हायर्नमेंट म्हणतात. मी त्याचं नाव 'बाबा' ठेवलं होतं. ते सुरू केलं की आज्ञा लिहायच्या काळ्या खिडकीतल्या प्रत्येक ओळीच्या आधी कंसात 'बाबा' दिसतं.

आता मी झाडीपट्टीतली, धानाच्या मुलखातली. आमच्याकडे धान जिथं पेरतात तिथं ठेवत नाहीत. एका कोपऱ्यात रोपांचे पऱ्हे टाकायचे, बोटभर वाढले की उपटायचे, पेंढ्या बांधायच्या आणि दुसऱ्या बांधीत नेऊन रोवायचे. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचे धुरे घातलेला शेताचा तुकडा. लहानपणापासून मी हेच पाहत आले, हेच करत आले. त्यामुळे एका ठिकाणी नीट वाढलेलं काही असलं की ते उचलून दुसरीकडे लावायचं, यात विचार करण्यासारखं काही आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी 'बाबा' नावाचं अख्खं फोल्डर उचललं आणि पेन ड्राइव्हवर टाकलं. मधेच लॅपटॉपनं विचारलं, ह्या तीन फायली पेन ड्राइव्हवर बसत नाहीत, काय करू? हजारो फायलींमध्ये तीन! मी 'सोडून दे' दाबलं.

नव्या लॅपटॉपवर फोल्डर उतरवलं, प्रोग्राम सुरू केला. उत्तर आलं, पायथन नावाची फाइलच नाही. अरे, नाही कशी? फोल्डर समोर आहे, आत शंभर गोष्टी आहेत, सगळ्यांवर पायथन लिहिलं आहे! मी परत तेच लिहिलं, त्यानं परत तेच सांगितलं. असं आम्ही एकमेकांना आठ-दहा वेळा सांगितलं.

मग म्हटलं, जाऊ दे, नव्या पायथननंच चालवते. तर आवाजाचा भाग नाही म्हणे. बरं, तो बसवायला गेले तर लिनक्सनं मलाच दटावलं, हे बाहेरून सांभाळलं जातं, तू हात लावू नको. बाहेरून कोण सांभाळतं? माझा लॅपटॉप, माझ्या घरात, माझ्या मांडीवर! खाली बारीक अक्षरात सांगितलं होतं की जबरदस्तीच करायची असेल तर 'सिस्टम मोडायची आहे' अशा अर्थाचे शब्द स्वतःच्या हातानं लिही. मी रागाच्या भरात ते लिहिलेसुद्धा, बोट एंटरवर होतं. पण त्या लॅपटॉपवर माझं पोट आहे. मी सगळं पुसलं आणि उठून भांडी घासली.

दुसऱ्या दिवशी गोंधळ आणखी वाढला. कुठलं पायथन चालू आहे हे लॅपटॉपला विचारायची एक आज्ञा आहे. एका खिडकीत विचारलं तर एक पत्ता, बाजूच्याच खिडकीत विचारलं तर दुसरा. लॅपटॉप एक, मी एक, प्रश्न एक! ऑफिसातल्या एका बाईंना फोन केला. त्या फार हुशार, आणि फार भरभर बोलतात.

"तुमचा पाथ चुकतोय. एका टर्मिनलमध्ये अ‍ॅक्टिव्हेट केलंय, दुसऱ्यात नाही. आणि सिमलिंक तुटल्यात. फ्रीझ काढलं का तुम्ही?"

"फ्रीज?"

"नाही हो, लिस्ट. कशाकशाची कुठली आवृत्ती आहे त्याची."

मी हो हो म्हणत सगळं वहीत उतरवलं आणि फोन ठेवल्यावर वहीकडे बघत बसले. त्यातलं निम्मं मला रोज वापरूनही कळलेलं नव्हतं, हे मान्य करायला लाज वाटली. बाबा दारातून डोकावले. भुवया उंचावून विचारलं, काय झालं? मी उगाच त्यांच्यावरच खेकसले, "होऊन राहिलं ना! सारखं सारखं काय पाहता?" ते गेले. पुढच्या खोलीतून बत्तीस नंबर वाजला, 'काहून वं', मुद्दाम मोठ्या आवाजात.

आई सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. तिनं विचारलं, "नेमकं अडलं काय?"

"तुले नाही समजणार."

"तुले तरी कुठं समजून राहिलं? सांग त."

मी सांगितलं. तिला समजेल असं सांगायचं म्हणून शेतीतलं सांगितलं. म्हटलं, जुन्या लॅपटॉपवर एक बांधी केली होती, तिचे धुरे पक्के, तिचं पाणी तिचं. ती उचलून नव्यावर आणली तर काही चालेना.

आईनं सूप खाली ठेवलं. "अवं पोरी, पऱ्हे उचलतेत. बांधी कोन उचलते?"

मला इतकं हसू आलं की आईला वाटलं माझं डोकं फिरलं. खरंच की! ते फोल्डर म्हणजे पऱ्हा नव्हताच. त्याच्या आतलं पायथन म्हणजे नुसता बाण होता, जुन्या लॅपटॉपच्या पोटातल्या खऱ्या पायथनकडे दाखवणारा. असेच तीन बाण मी 'सोडून दे' म्हणून टाकले होते, आणि आणले असते तरी नव्या लॅपटॉपवर ते दाखवणार कुणाकडे? बांधी नव्या जागी नव्यानं घालायची असते. उचलून आणायचे ते फक्त शब्द.

कळलं म्हणून लगेच जमलं असं नाही. जुनं पायथन नव्याच्या बाजूला, त्याला धक्का न लावता बसवायचं एक साधन आहे, ते आणलं. ते पायथन तयार आणून देत नाही, इथंच रांधतं. दोन तास लॅपटॉप तापला, पंखा घोंघावला, आणि शेवटी 'झालं' म्हणाला. झालं काय कपाळ! त्याला इंटरनेटवरून सुरक्षित काही आणताच येईना, कारण रांधायच्या आधी एक सामान घालायचं मी विसरले होते. पुन्हा पहिल्यापासून. मग नवी 'बाबा' बांधी, मग जुन्या लॅपटॉपवरच्या भागांची यादी बघून एकेक भाग त्याच आवृत्तीचा. शेवटचा आवाजाचा भाग अडला, त्याला लिनक्सचं आणखी काही पाहिजे होतं. तेही दिलं. हे सगळं आज मी ओळीनं सांगते आहे, तेव्हा मी चार दिवस आंधळ्यासारखी चाचपडत होते, आणि रोज सकाळी वाटायचं की आपल्यामुळे दोन म्हातारे भाऊ न भेटताच राहणार.

पोळ्याच्या सकाळी आवाजाच्या फायली पेन ड्राइव्हवरून आणल्या. सवयीनं मोजल्या. तीनशे सत्तेचाळीस. प्रिंटवर तीनशे सेहेचाळीस. परत मोजल्या, परत एक जास्त. शेवटची फाइल उघडली तर नुसता पंख्याचा आवाज, खर्र खर्र, दुसरं काही नाही. चार-पाच सेकंद ऐकलं आणि बंद केली. चुकून बटण दाबलं गेलं असेल, रेकॉर्डचं बटण दाबलं की पुढचा नंबर आपोआप लागायचा. पुसणारच होते. पण एकदा 'सोडून दे' म्हणून तोंडघशी पडले होते ना, आता फालतू फाइल टाकायचीही भीती वाटायला लागली होती. राहू दिली.

मग 'बाबा' सुरू केलं आणि हाताला आला तो नंबर दाबला. "कारधा! चला, कारधावाले उतरा!" अख्ख्या घरात बाबांचा आवाज, पूर्वीसारखा दणदणीत. आई बैलांना दाखवायचा नैवेद्य ताटात वाढत होती, तिचा हात तिथंच थांबला. बाबा दाराला टेकून उभे होते, त्यांनी फक्त मान हलवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं निघालो. कारध्याच्या पुलावर बाबांचे ओठ हलले, जुनी सवय. मी पूर्ण वाट एकच विचार करत होते, दादा म्हटल्याशिवाय नुसतं 'पानी दे' मोठ्या बाबांना चालेल का. नसेल चालत तर मी काय करू? तुमसर मागे पडलं आणि बपेरा आला.

मोठे बाबा ओसरीत बाजेवर बसले होते. आमची चाहूल लागली तसं त्यांनी आमच्याकडे तोंड वळवलं. मोठी आई पदर तोंडाला लावून उभी. लाइट सकाळपासून गेलेली होती. बाबा समोरच्या खुर्चीवर बसले, मी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला, आकड्यांचा कीबोर्ड जोडला. घाईत प्रोग्राम चालवला आणि परत तीच लाल ओळ, आवाजाचा भाग नाही! मी ओळ परत वाचली. मग दिसलं, ओळीच्या आधी कंसात 'बाबा' नाही. नवी खिडकी उघडली होती आणि एन्व्हायर्नमेंट सुरू करायचं विसरले होते. ते केलं. 'बाबा' आलं. मी मागे सरकले.

बाबांनी तीन दाबलं, मग चार, मग सात.

मला कळेना. यादी तर तीनशे सेहेचाळीसवर संपते. लॅपटॉप गप्प. मला वाटलं, गेलं, परत कुठलं तरी पायथन रुसलं. मी पुढे वाकले तर बाबांनी हातानं मला थांबवलं. तेव्हा ऐकू आलं, खर्र खर्र. पंख्याचा आवाज. मी वर पाहिलं, ओसरीत पंखा नव्हताच, आणि लाइट तर गेलेली. मग ओळखलं. तो आमच्या पुढच्या खोलीतला पंखा होता. तो तसाच फिरत राहिला, खूप वेळ. मग कुणीतरी श्वास घेतला, सोडला, परत घेतला.

"दादा."

बाबांचाच आवाज, पण दणदणीत नव्हता. हळू होता, मला कधी न ऐकवलेला. लगेच बाबांनी दाबलं, सतरा आणि चाळीस. "पानी. दे."

मोठ्या बाबांनी आवाजाच्या दिशेनं मान केली. "ओ," ते म्हणाले, कुणी हाक मारल्यावर देतात तसं. मग दोन्ही हात बाजेवर टेकून उठले. मोठी आई पुढे झाली तर तिला म्हणाले, "तू सरक. मले मांगतलं त्यानं," आणि भिंतीला हात लावत लावत आत पाण्याच्या गुंडीकडे गेले.

ते दिसेनासे झाले तसं बाबांनी पुन्हा तीन, चार, सात दाबलं. पुन्हा पंखा फिरला, पुन्हा तो श्वास. "दादा."

"आलो ना रे," आतून आवाज आला, "आलो."